कोळंबी अंगावर उठली तेव्हा

माझी आई मालवणजवळच्या एका गावात मासे विकते. तिच्या पाटीशेजारी बसून मी कोळंबी सोलायला शिकले तेव्हा मला अजून अक्षरंही येत नव्हती. आमच्याकडे कोळंबीला सुंगटां म्हणतात. डोकं मोडायचं, अंगठ्याने कवच सोडवायचं, पाठीतला काळा दोरा ओढून टाकायचा. हे काम माझे हात मला न विचारता करायचे.

लग्न होऊन मी बहरीनला आले. मुलगी शाळेत जायला लागल्यावर हिद्दमधल्या एका छोट्या हॉटेलात स्वयंपाकाचं काम धरलं. मालक केरळचा. पहिल्या दिवशी त्याने हिंदीत विचारलं, काय काय येतं? मी म्हटलं, समुद्रातलं सगळं येतं, तुम्ही आणून द्या. माझ्या हाताला चव आहे हे मी कुणाकडून ऐकून सांगत नाही. मला ते माहीत आहे.

बंदर जवळ असल्यामुळे गिऱ्हाइकं सगळी कामकरी. क्रेनवाले, ट्रेलरचे ड्रायव्हर, वेल्डर, कोल्ड स्टोरेजमधली माणसं. त्यात आपल्याकडचे पुष्कळ, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, थोडे कोल्हापूरकडचे. शुक्रवारी सुट्टी असली की लांबच्या सित्र्याहूनसुद्धा गाडी करून यायचे. शुक्रवारी मी कोळंबीचं तिखलं आणि भात करायचे. सोलकढी असायचीच. माझा नवरा बंदरावर कंटेनर हलवायचं मोठं मशीन चालवतो. शुक्रवारी तोही येऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचा आणि आपल्या ओळखीच्यांना कोळंबी वाढून संपायच्या आत मागवा म्हणून सांगायचा.

सुरुवात नेमकी कधी झाली ते मला सांगता येणार नाही. सोलताना बोटांच्या बेचक्यात खाज यायला लागली. मला वाटलं भांडी घासायचा साबण बदललाय. साबण पुन्हा बदलून घेतला. मग पातेल्यातून वाफ आली की शिंका यायच्या. मी म्हटलं एसीची धूळ. बहरीनमध्ये शिंकायला कारण शोधावं लागत नाही, वारा सुटला की अख्खं बेट शिंकतं. कधी जेवताना ओठांना मुंग्या यायच्या, त्याचा दोष मी मिरचीला दिला. अंगावर गांधी उठल्या तेव्हा आमसुलाचं पाणी चोळलं. पित्त आहे, आपोआप जाईल. माझ्या आईला विचारलं असतं तरी तिने हेच सांगितलं असतं.

मग कोळंबीवरची बंदी उठली. दर वर्षी काही महिने इथे कोळंबी धरायला मनाई असते. ती उठली की बाजारात ताजी रुबियान, म्हणजे इथली कोळंबी, येते आणि सगळ्यांना एकदमच खायची असते. ऐन उन्हाळ्यातला तो शुक्रवार होता. सकाळपासून मी सोलत होते. दुपारी तिखलं उकळलं, वर तिरफळं ठेचून टाकली आणि नेहमीसारखं पळीने हातावर घेऊन चाखलं. एक कोळंबीही तोंडात टाकली, शिजली का बघायला. छान शिजली होती.

पहिली पंगत बसली तेव्हा माझे तळहात पेटल्यासारखे झाले. मग डोक्यात खाज, काखेत खाज. पाठीवर गांधी उठताहेत हे न बघता कळत होतं. मी एक थाळी घेऊन बाहेर आले, ती नवऱ्यासमोर ठेवली आणि त्याने माझ्याकडे वर बघितलं.

"काय झाला गो? तोंड बघ तुझा."

मला सांगायचं होतं की काही नाही, पण आवाज फुटेना. घशात कुणी ओला बोळा कोंबल्यासारखं वाटत होतं. मी टेबल धरलं. तो थाळी तशीच सोडून उठला, शेजारच्या टेबलावरच्या ट्रेलर ड्रायव्हरला म्हणाला, "गाडी काढ, माझे हात थरथरतत." मला आठवतं ते एवढंच की मागच्या सीटवर मी त्याच्या खांद्यावर पडले होते, पुलावरचा उजेड डोळ्यांत घुसत होता आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. तो आवाज माझा आहे हे मला उशिरा कळलं.

हॉस्पिटलात नर्सने काही विचारलं नाही. सलवारीवरूनच मांडीत इंजेक्शन टोचलं. मी आयुष्यात पुष्कळ औषधं घेतली आहेत, पण असं औषध पाहिलं नव्हतं. हृदय धडधडायला लागलं, हात कापायला लागले आणि घसा उघडला. बंद पडलेला नळ सुटावा तसा श्वास आत आला. नवरा पडद्याजवळ उभा होता. त्याच्या शर्टावर तिखल्याचा डाग होता. मी पहिलं वाक्य बोलले ते असं: "पातेल्याखालचा गॅस बंद केला का कुणी?"

तो खाली बसला आणि रडला. मी रडले नाही. मला राग आला होता, कुणाचा ते ठरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईला व्हिडिओ कॉल केला. ती बाजारातून आली होती, पदराने मान पुसत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगो, सुंगटां खाऊनच वाढलंस तू. तुका सुंगटां कशी बाधतली?"

"बाधली गे आई."

"कोणाची तरी नजर लागली. देवाक गाऱ्हाणं घालतंय."

"घाल. पण मी डॉक्टरकडे पण जातंय."

"दोनय कर," आई म्हणाली. तिचा स्वभाव व्यवहारी आहे.

काही आठवड्यांनी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरकडे गेले. ती बहरीनचीच, माझ्याच वयाची असेल. हिंदी चांगलं बोलायची, आमच्यासारख्यांना तपासून तपासून शिकले म्हणाली. माझी मुलगी सोबत आली होती. ती तेव्हा बारावीला होती. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं.

डॉक्टरने माझ्या हातावर पेनाने खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेशी एकेका पदार्थाच्या अर्काचा थेंब टाकून सुईने हलकं टोचलं. थोड्या वेळाने कोळंबीची जागा टम्म फुगली, भोवती लाल झालं. खेकड्याचीही फुगली. घरातल्या धुळीतल्या किड्याचीही. मी श्वास रोखून पुढच्या खुणांकडे बघत होते. सुरमई, मग हामूर, साफी हे इथले मासे. त्या सपाट राहिल्या.

"मासे खायला हरकत नाही," डॉक्टर म्हणाली. "कोळंबी आणि खेकडा खलास."

"मी जन्मभर खाल्ली आहे. मी पोटात असताना माझ्या आईने खाल्ली आहे. आता कोळंबी बदलली का मी बदलले?"

तिला प्रश्न आवडला असावा. खुर्ची जवळ ओढून तिने कागद घेतला आणि वरून फाटे फुटलेली एक काठी काढली, बेचकीसारखी.

"ही अँटीबॉडी," ती म्हणाली. मुलगी मोबाईलवर मराठी शब्द शोधून माझ्या कानाशी पुटपुटली, "आई, प्रतिपिंड. इट्स इन माय सिलॅबस."

"वरचे दोन फाटे ओळखायचं काम करतात. तुमच्या शरीरातल्या या अँटीबॉडी कोळंबी ओळखतात. खालचा दांडा मोकळा असतो. आता हे बघा." तिने एक मोठा गोल काढला, त्यात ठिपके भरले. "ही पेशी. त्वचेखाली, नाकात, घशात, आतड्यांत असते. म्हणजे बाहेरचं जग जिथे जिथे आपल्याला शिवतं तिथे. हे ठिपके म्हणजे पिशव्या. त्या फुटल्या की खाज, सूज, श्वास कोंडणं, सगळं होतं."

"आणि कोळंबी त्या फोडते."

"एकटी कोळंबी नाही फोडू शकत. पेशीला कोळंबी म्हणजे काय ते कळतच नाही. पण पेशीच्या अंगावर अशा खाचा असतात." गोलाच्या कडेवर तिने दाते काढले. "यांना रिसेप्टर म्हणतात. अँटीबॉडीचा दांडा या खाचेत बसतो. इतका घट्ट बसतो की आठवडेच्या आठवडे सुटत नाही. म्हणजे पेशीने ओळख उसनी घेतली. मग कधीतरी कोळंबीचा कण येतो आणि शेजारशेजारच्या दोन अँटीबॉडींना एकदम धरतो. दोन्ही खाचा जवळ ओढल्या जातात, आणि पेशीला तेवढीच खूण लागते."

"एकीलाच धरलं तर?"

"तर काही होत नाही. दोन जवळ यायला लागतात."

मी कागद माझ्याकडे ओढला. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. नजर, पित्त, साबण, एसी यांतलं काही नव्हतं. एक ठराविक वस्तू एका ठराविक जागी बसली होती. अशा गोष्टीशी मला भांडता येतं.

"पण मग ही खाच आहेच कशाला आपल्यात? त्रास द्यायला?"

"पूर्वी माणसांच्या पोटात जंत असायचे. त्यांना हाकलायला या पेशी उपयोगी पडतात, असं आम्ही समजतो. आणि खाचा काही फक्त याच पेशींवर नसतात. रक्तात दुसऱ्या पेशी फिरतात, त्यांच्यावर दुसऱ्या जातीच्या अँटीबॉडीसाठी खाचा असतात. जंतूला अँटीबॉडी चिकटल्या की त्या पेशी बाहेर राहिलेले दांडे पकडतात आणि जंतूला गिळतात. खाच नसती तर अँटीबॉडी नुसती चिकटून राहिली असती. ओळखलं खरं, पण पुढे केलं काही नाही, असं झालं असतं." मग तिने माझ्या मुलीकडे बोट दाखवलं. "ही पोटात होती तेव्हा तुमच्या अँटीबॉडी वारेतून हिच्यापर्यंत पोचल्या त्याही अशाच एका रिसेप्टरने. दांडा धरून पलीकडे नेल्या. जन्मल्यावर पहिले काही महिने ही त्यांच्यावरच तर राहिली."

मुलीने मोबाईल खाली ठेवला. "दॅट्स नॉट इन माय सिलॅबस," ती म्हणाली.

मीच का, आणि आत्ताच का, याचं पक्कं उत्तर डॉक्टरकडे नव्हतं. वर्षानुवर्षं कच्ची कोळंबी हाताळणं, तिची वाफ नाकात जाणं हे एक कारण असू शकतं. धुळीतल्या किड्याच्या अंगात आणि कोळंबीत एक सारखंच प्रथिन असतं, बंद घरात गालिचा आणि एसी असले की तेही अंगाला परिचयाचं होतं. कुठून सुरुवात झाली ते सांगता येणार नाही, असं तिने सरळ सांगितलं. सरळ सांगणारा डॉक्टर मला आवडतो.

शेवटी तिने पेनासारखं एक इंजेक्शन दिलं, कायम जवळ ठेवायचं, आणि म्हणाली, "तुम्हाला स्वयंपाकघर सोडावं लागेल."

"काय करायचं नाही ते मला सांगा," मी म्हटलं. "स्वयंपाकघर सोडायचं का ते मी बघते."

तिने बोटं मोजून सांगितलं. हात लावायचा नाही. वाफ घ्यायची नाही. कोळंबीच्या तेलात दुसरं काही तळायचं नाही. पळी, पाट, सुरी वेगळी.

मालक घाबरला होता. त्याच्या हॉटेलात बाई मेली असती तर काय झालं असतं हेच त्याच्या डोक्यात होतं. "दीदी, काउंटर पे बैठो," तो म्हणाला. मी नाही म्हटलं. हॉटेलच्या मागे उघडं अंगण आहे, तिथे एक मोठी शेगडी पडून होती. मी म्हटलं, कोळंबी तिथे शिजेल, तिची भांडी तिथेच राहतील, तिथेच घासली जातील. आत मी मासे करीन. तो म्हणाला, तिथे शिजवणार कोण?

हॉटेलातला दुसरा आचारी मालकाच्याच गावचा होता, चांगला हात असलेला माणूस. त्याने आपल्या पद्धतीने केली, खोबरेल तेल, कढीपत्ता. मी खाल्ली नाही, पण रंगावरून कळत होतं की उत्तम झाली आहे. आमच्या लोकांनी ताट पुसून खाल्लं आणि क्रेनला माल बांधणारे गुहागरचे एक वयस्कर रिगर जाताना मला म्हणाले, "छान होती बाय. पण यासाठी मी एवढ्या लांबून येत नाही."

ती गोष्ट नवऱ्याने ऐकली. घरी जाताना गाडीत म्हणाला, "मी करतंय."

"काय करता?"

"सुंगटां. शुक्रवारी मी मोकळोच असतंय."

या माणसाने तोवर चहासुद्धा केला नव्हता. पण तो चाळीस फूट लोखंडाचा डबा दुसऱ्या डब्यावर न हलवता ठेवतो, तेव्हा हात स्थिर आहे एवढं मला ठाऊक होतं. मी हो म्हटलं.

पुढच्या शुक्रवारी तो अंगणात शेगडीपाशी आणि मी दार बंद करून आत, कानाला फोन.

"खोबरं भाजलंत?"

"भाजलं."

"रंग काय आला?"

"रंग... आपल्या सोफ्यासारखो."

"म्हणजे कमी आहे. अजून परता. सोडू नका."

थोड्या वेळाने: "सुंगटां घातली."

"आता माझ्याशी बोलत बसू नका, त्यांच्याकडे बघा. वळायला लागली?"

"वळतत."

"किती वळली? टोकाला टोक लागलं का?"

"नाय. अर्धी बांगडी."

"उतरवा. लगेच उतरवा."

"कच्ची रवतली गो."

"पातेल्यातच शिजतील. उतरवा म्हणते ना."

त्याने उतरवलं. मीठ कमी पडलं होतं, ते मला ताटं परत यायच्या आधीच कळलं, कारण पहिल्याच टेबलावरून मिठाची बाटली मागितली गेली. तिसऱ्या शुक्रवारी कुणी मागितली नाही. नवरा मात्र इतका फुगला की बंदरावर कामाच्या वेळी लोकांना सुंगटां कशी उतरवायची ते समजावू लागला. त्याला मी एक गोष्ट शिकवली आणि ती सक्तीची होती. घरी आला की आधी आंघोळ, आधी दात, मग माझ्याजवळ.

तरीही हॉटेल ते हॉटेलच. एकदा कुणीतरी अंगणातली पळी आत आणली आणि माझ्या माशाच्या आमटीत फिरवली. मी आमटी चाखली. ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या. गोळी घेतली, पेन हातात धरून बसले, नवऱ्याने हॉस्पिटलात नेलं. पेन वापरायची वेळ आली नाही. पण पुढच्या भेटीत डॉक्टरला सांगितलं, आणि तिने नव्या इंजेक्शनची गोष्ट काढली.

"हे औषधसुद्धा एक अँटीबॉडीच आहे," ती म्हणाली. "तुमच्या अँटीबॉडीचा दांडा खाचेत बसायच्या आधीच हे त्याला धरतं. मग खाचा रिकाम्या राहतात. आणि गंमत म्हणजे रिकाम्या खाचा पेशी हळूहळू कमी करते."

"म्हणजे आत घेते?"

"आत घेते, नव्या फारशा काढत नाही."

दुकानदार खप नसलेला माल मांडत नाही तसं, माझ्या मनात आलं. मी विचारलं, मग मी खाऊ शकेन? तिने नाही म्हटलं. हा इलाज मुळावरचा नाही. पळी लागली, वाफ आली, चुकून कण गेला तर जीवावर बेतू नये यासाठी आहे, आणि इंजेक्शनं घेत राहावी लागतील. मला खायचं होतं का? मला माझ्या स्वयंपाकघरात निर्धास्त उभं राहायचं होतं. मी घेते म्हटलं.

काही महिने गेले. पुन्हा बंदी उठली, पुन्हा रुबियान आली. आता अंगणातून येणारी ताटं माझ्या शेजारून जात होती आणि मला शिंक येत नव्हती. मग डॉक्टरने एका सकाळी हॉस्पिटलात बोलावलं. तिच्या देखरेखीखाली मला कोळंबी खायची होती, अगदी कणभर, मग थोडी जास्त, किती चालतं ते बघायला. शेजारी नर्स, भरून ठेवलेलं इंजेक्शन, बोटाला मशीन. घरी असलं काही करायचं नाही, तिने दोनदा बजावलं.

मी घाबरले नव्हते असं नाही. पहिला कण जिभेवर ठेवला. वाट बघितली. काही नाही. दुसरा. वाट बघितली. मुलगी समोर बसून मशीनवरचे आकडे वाचत होती, तिला पुढे हेच शिकायचं आहे असं ती आता म्हणते. शेवटी नखाएवढा तुकडा आला. मी चावला.

"कसं वाटतंय?" डॉक्टर माझ्या घशाकडे बघत होती.

"ही कुणी शिजवली?" मी विचारलं.

"का? काही होतंय?"

"मीठ नाही. आणि फार उकडली आहे, रबर झालंय."

नर्स हसली. डॉक्टरने मला जीभ बाहेर काढायला सांगितलं, मान बघितली, हात उलटेपालटे करून बघितले. दुपारपर्यंत बसवून ठेवलं. ओठाच्या कडेला थोडी खाज आली आणि गेली. जाताना ती म्हणाली, चुकून तुकडा गेला तर आता तुम्ही धोक्यात नाही, पण थाळी घेऊन बसू नका. मी म्हटलं, असल्या कोळंबीची थाळी मला फुकट दिली तरी नको.

बाहेर नवरा गाडीत एसी लावून थांबला होता. गुरुवार होता. हॉटेलात साफीची पेटी आलेली असणार, ती मलाच साफ करावी लागते, तिचे काटे हाताला लागतात आणि दुसऱ्या कुणाला ते जमत नाही. "यल्ला, चला," मी म्हटलं, आणि आम्ही हिद्दकडे निघालो.